बारिगाझाच्या यादीतील 'मूसिका' : पश्चिम किनाऱ्यावरील यवन वादकांविषयी काही विचार

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर आज जे नवी मुंबई शहर उभे आहे, त्याची आखणी १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या संस्थेने केली. शहर नवे असले तरी ज्या जलमार्गाच्या काठी ते वसले आहे तो मात्र फार जुना आहे. या शहराच्या उत्तरेस उल्हास नदीवर कल्याण, पश्चिमेस पाण्याने वेढलेली घारापुरी, दक्षिणेस चौल आणि पूर्वेस बोरघाट चढून गेल्यावर कार्ल्याचे चैत्यगृह, ही सर्व स्थळे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत समुद्रपार व्यापाराशी निगडित होती. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले, तेव्हा या किनाऱ्याचा एक प्राचीन व्यवसायच नव्या स्वरूपात पुन्हा चालू झाला असे म्हणावयास हरकत नाही.

या प्राचीन व्यापारातील नाणी, मद्यकुंभ, काच आणि प्रवाळ यांचा विचार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. त्याच व्यापाराच्या यादीत संगीताचाही समावेश होता, या गोष्टीकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. मायदेशापासून हजारो मैल दूर, आपल्या या किनाऱ्यावर, ग्रीक वादकांचे पथक कधी वाजत होते काय? वाजत असल्यास ते कोणासाठी वाजत होते, आणि त्याचा मागमूस का उरला नाही? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा उपलब्ध पुराव्याच्या आधारे विचार करावयाचा आहे.

१. मूळ उल्लेख

'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हा ग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिला. लेखकाचे नाव आपणांस ठाऊक नाही. ग्रंथाचे दहाव्या शतकातील हस्तलिखित हायडेलबर्ग येथे आहे. त्याच्या ४९ व्या परिच्छेदात बारिगाझा, म्हणजे भरुकच्छ अथवा आजचे भडोच, येथे येणाऱ्या मालाची यादी आहे. इटलीचे, लाओदिकियाचे व अरबस्तानचे मद्य, तांबे, कथील, शिसे, प्रवाळ, कच्ची काच, हातभर रुंदीचे कमरपट्टे, सोन्याचांदीची रोमन नाणी असा तो सर्वसामान्य बाजारचा माल आहे. त्यानंतर लेखक राजासाठी आणल्या जाणाऱ्या वस्तू निराळ्या सांगतो : मौल्यवान रुप्याची भांडी, 'मूसिका', अंतःपुरासाठी सुंदर कुमारिका, उत्तम मद्य, साधे परंतु उंची कापड आणि निवडक सुगंधी तेल.

यातील 'मूसिका' हा शब्द आपल्या विवेचनाचा केंद्रबिंदू होय. व्याकरणदृष्ट्या ते नपुंसकलिंगी अनेकवचनी विशेषण असून त्याचे विशेष्य लेखकाने दिलेले नाही. 'संगीतविषयक गोष्टी' एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. त्यावरून वाद्ये असाही अर्थ निघू शकतो आणि गाणारी-वाजविणारी माणसे असाही. विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२ च्या भाषांतरात 'गाणारी मुले' असा अर्थ घेतला, तर लायोनेल कॅसन यांनी १९८९ च्या आवृत्तीत 'गुलाम वादक' असा घेतला. दोघांनीही माणसेच कल्पिली आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

माणसे हा अर्थ ग्राह्य धरण्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, यादीत या शब्दाला लागूनच अंतःपुरातील कुमारिकांचा निर्देश येतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. भूगोलकार स्ट्रॅबो याने पोसिडोनियसच्या आधारे किझिकसच्या युडोक्ससची हकीकत दिली आहे. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात टॉलेमी राजांच्या वतीने दोनदा हिंदुस्थानास जाऊन आलेला हा दर्यावर्दी पुढे आफ्रिकेला वळसा घालून पुन्हा हिंदुस्थानास जाण्यासाठी गादेस बंदरातून निघाला, तेव्हा त्याने गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मुली, वैद्य व अन्य कारागीर बरोबर घेतले होते. तेथे त्या मुलींसाठी जो शब्दप्रयोग आहे त्यात 'मूसिका' हेच विशेषण 'मुली' या नपुंसकलिंगी नामास जोडलेले आहे. ती सफर हिंदुस्थानास पोहोचली नाही, आणि स्ट्रॅबोला स्वतःला ही सारी हकीकत संशयास्पद वाटते. तथापि हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजात वादक मुली असणे ही गोष्ट ग्रीक वाचकास स्वाभाविक वाटत होती, एवढे तीवरून सिद्ध होते. म्हणून पेरिप्लसमधील शब्दाचा अर्थ माणसे असा घेणे अधिक संभवनीय आहे. तो निर्विवाद आहे असे मात्र म्हणता येत नाही, आणि पुढील विवेचन वाचताना वाचकांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी.

२. कोणत्या राजासाठी?

पेरिप्लसमध्ये बारिगाझाच्या राजाचे जे नाव आहे त्याचे हस्तलिखितातील रूप भ्रष्ट असले, तरी तो क्षहरात क्षत्रप नहपान होय हे मत आता सर्वसामान्यपणे मान्य झाले आहे. नहपान महाराष्ट्राच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. त्याचा जावई उषवदात व कन्या दक्षमित्रा यांची दाने नाशिकच्या लेण्यांत कोरलेली आहेत. त्याचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख जुन्नर येथे आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे जो तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यात नहपानाची नाणी असून त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.

या नाण्यांवर ब्राह्मी व खरोष्ठी लिपींबरोबर ग्रीक अक्षरेही आहेत, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. नहपान ग्रीक वाचू शकत होता असे यावरून ठरत नाही. ग्रीक अक्षरांना राजचिन्ह म्हणून त्याच्या दरबारी प्रतिष्ठा होती, हे मात्र ठरते. ज्या राजाला आपल्या रुपयावर ग्रीक अक्षरे असावीत असे वाटले, त्याला आपल्या सभेत ग्रीक वाद्यांचा नाद असावा असे वाटले असल्यास नवल नाही. दोन्हींचे प्रयोजन एकच, म्हणजे वैभवाचे प्रदर्शन.

आता कल्याणकडे वळू. पेरिप्लसच्या ५२ व्या परिच्छेदात सुप्पारा म्हणजे सोपारा आणि काल्लिएना म्हणजे कल्याण यांची नावे येतात. थोरल्या सारगनस राजाच्या काळी कल्याण ही कायदेशीर पेठ होती, परंतु पुढे सांदनेस याच्या ताब्यात ते आल्यानंतर तेथील व्यापारास मोठा अडथळा झाला आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात बारिगाझाकडे नेली जात, असे लेखक सांगतो. ही नावे सातवाहन व क्षत्रप यांच्यातील संघर्षाशी कशी जुळवावयाची याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या विषयापुरता निष्कर्ष असा की, पेरिप्लसच्या काळी राजासाठी आणलेले वादक ठाण्याच्या खाडीत उतरविले जाण्याचा संभव कमी होता. ते या किनाऱ्यावरून पुढे गेले असतील, किंवा पहाऱ्यातील जहाजातून उत्तरेस नेले गेले असतील. आजच्या नवी मुंबईच्या परिसराशी त्यांचा संबंध जोडावयाचा तो एवढाच.

३. वादकांची स्थिती

यादीतील वादक हे वस्तूंच्या रांगेत उभे आहेत. रुप्याची भांडी त्यांच्या एका बाजूस व मद्य दुसऱ्या बाजूस आहे. याचा अर्थ नीट समजण्यासाठी ईजिप्तमधील एका कागदपत्राशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. इसवी सन २०६ मधील एका पपायरसात फिलाडेल्फिया या गावच्या आर्तेमिसिया नावाच्या स्त्रीने इसिडोरा नावाच्या, करताल वाजवून नाचणाऱ्या कलावंतिणीशी केलेला करार आहे. इसिडोराने आणखी दोघींसह सहा दिवस उत्सवात नाचावयाचे. तिला रोज ३६ द्राखमा, शिवाय चार आर्ताबा सातू व भाकरींच्या वीस जोड्या मिळावयाच्या. तिने बरोबर आणलेली वस्त्रे व सोन्याचे दागिने यजमानीण सांभाळील. येताना दोन गाढवे पाठविली जातील आणि परत जातानाही तितकीच दिली जातील.

हे खरे लोकसंगीत होय. गावचा उत्सव आहे, बिदागी ठरलेली आहे, धान्य आणि भाकरी आहेत, आणि मुख्य म्हणजे परत जाण्याची सोय करारातच लिहिलेली आहे. बारिगाझाच्या यादीतील वादकांसाठी अशी दोन गाढवे कोणी कबूल केली नव्हती. जहाजे ईजिप्तमधून जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्यांवर हिंदुस्थानास पोहोचत. हिवाळ्यात वारे फिरले की व्यापारी व खलाशी परतत. राजाच्या खजिन्यात जमा झालेला माल मात्र परतत नसे.

अथेनियस या ग्रंथकाराने दिलेली एक जुनी आख्यायिका येथे आठवते. मौर्य राजा बिंदुसाराने अँटिओकस राजाकडे गोड मद्य, सुके अंजीर आणि एक तत्त्ववेत्ता यांची मागणी केली. मद्य व अंजीर पाठवू, परंतु तत्त्ववेत्ता विकणे ग्रीकांच्या रिवाजात बसत नाही, असे उत्तर त्यास मिळाले. ही आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांच्या समाजात विद्वान व वादक यांच्या दर्जात केवढे अंतर होते, हे ती पेरिप्लसच्या यादीशेजारी ठेवली असता दिसून येते. ग्रीकांनी तत्त्ववेत्ता विकण्याचे नाकारल्याची कथा जपली, आणि वादक विकल्याचा तपशील केवळ बाजारभावाच्या टिपणात ठेवला.

४. लेण्यांतील यवन

पश्चिम महाराष्ट्रात यवनांचा उल्लेख दुसऱ्या एका ठिकाणी विपुल येतो, आणि तो म्हणजे लेण्यांतील दानलेख. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. सिहधय, यसवधन ही त्यांच्यापैकी काहींची नावे. जुन्नर येथे इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप आणि चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार दिले. नाशिकच्या एका लेण्यात उत्तरेकडील दत्तामित्री येथील योनक धम्मदेव याचा पुत्र इंद्राग्निदत्त याचा लेख आहे. नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्रास त्याच्या मातेच्या नाशिक येथील लेखात शक, यवन व पह्लव यांचा संहारक म्हटले आहे. तथापि यवन दात्यांची गणना शत्रूंत झालेली दिसत नाही.

हे सर्व यवन वांशिकदृष्ट्या ग्रीक होते असे मानता येत नाही. त्यांची नावे बहुतांशी भारतीय आहेत, धर्म बौद्ध आहे आणि लेखांची भाषा प्राकृत आहे. 'यवन' हा शब्द पश्चिमेकडून वा वायव्येकडून आलेल्या कोणाही परदेशीयास लावला जात असे. परंतु येथे एक विरोध स्पष्ट दिसतो. जे यवन स्वेच्छेने येथे आले, स्थायिक झाले आणि धनवान झाले त्यांची नावे दगडात राहिली. त्यांच्या दानांत स्तंभ आहेत, टाकी आहेत, भोजनमंडप आहे. संगीताचा उल्लेख त्यांत कोठेही नाही. उलट ज्यांच्यापाशी संगीत होते, त्यांपैकी एकाचेही नाव कोणी लिहून ठेवले नाही. नाव होते त्यांच्याकडून गाणे कळत नाही, आणि गाणे होते त्यांचे नाव कळत नाही, अशी आपल्या साधनांची स्थिती आहे.

५. वाद्ये व त्यांचे चित्रण

या वादकांनी कोणती वाद्ये वाजविली असावीत, याविषयी तर्क करण्यास थोडा आधार आहे. त्या काळच्या ग्रीक संगीतात औलोस हे वाद्य प्रमुख होते. त्याचे भाषांतर पुष्कळदा 'बासरी' असे केले जाते ते चुकीचे आहे. औलोस म्हणजे एकाच वेळी तोंडात धरावयाच्या दोन नळ्या, प्रत्येकीस जिभली असलेल्या, म्हणजे जात बासरीपेक्षा सनईला जवळची. त्याखेरीज किथारा व लायर ही तंतुवाद्ये होती. या संगीताची चाल कशी होती याचा एक अस्सल नमुना सुदैवाने उपलब्ध आहे. आशिया मायनरमधील ट्रॅलेस येथे सेइकिलोस नावाच्या मनुष्याने उभारलेल्या शिळेवर एक लहानसे संपूर्ण गीत स्वरलिपीसह कोरलेले असून ते इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानले जाते. ही शिळा आज कोपनहेगन येथे आहे.

भारतात परदेशी वादकांचे सर्वांत बोलके चित्र सांची येथील मोठ्या स्तूपाच्या उत्तर तोरणावर आहे. आखूड अंगरखे व डोक्यास पट्टे बांधलेली माणसे तेथे स्तूपाची पूजा करीत असून त्यांच्यापैकी काही जण दोन नळ्यांचे वाद्य, पशुमुखाची लांब शिंगे आणि ढोल वाजवीत आहेत. हे लोक ग्रीक की वायव्येकडील अन्य कोणी, याबद्दल एकमत नाही. परंतु परदेशी पोशाखाचे वाद्यपथक भारतीय शिल्पकाराने पाहिले होते, किंवा त्याचे वर्णन ऐकले होते, यात शंका नाही. आणखी दूर, वंक्षू नदीच्या काठी, आजच्या ताजिकिस्तानातील तख्त-इ-संगीन येथील मंदिरात इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील एक लहान वेदी सापडली. तीवर दोन नळ्यांचे वाद्य वाजविणाऱ्या मार्सियासची मूर्ती असून आत्रोसोकेस नावाच्या, म्हणजे इराणी नावाच्या, मनुष्याने ती वंक्षू नदीच्या देवतेस ग्रीक लेख कोरून अर्पण केली आहे. त्याच मंदिरात औलोसचे हाडी तुकडेही मिळाले. तेथे ग्रीक वसाहतीच्या आधाराने ग्रीक वाद्य स्थानिक उपासनेत शिरले होते. पश्चिम किनाऱ्यावर अशी एकही वस्तू अद्याप मिळालेली नाही.

६. प्रभावाचा प्रश्न

या ठिकाणी एका मोहापासून सावध राहणे अवश्य आहे. १८८२ साली विंडिश यांनी संस्कृत नाटकावर ग्रीक नाटकाचा प्रभाव दाखविण्याचा प्रयत्न केला आणि 'यवनिका' या शब्दाचाही त्या वादात उपयोग झाला. सिल्व्हाँ लेव्ही यांनी त्याचे खंडन केले. पडद्याचे कापड यवनदेशीय असल्याने पडदा बांधण्याची कल्पनाही यवनदेशीय ठरत नाही. कालिदासाच्या 'शाकुंतला'त राजाभोवती धनुष्य धारण करणाऱ्या यवनी आहेत. पेरिप्लसच्या यादीतील कुमारिकांची आठवण त्यांवरून होते खरी, परंतु त्या गात नाहीत.

संगीताच्या बाबतीत असाच मोह वारल्यांच्या तारप्याविषयी होऊ शकेल. भोपळा, दोन नळ्या आणि जिभली यांनी बनलेले हे वाद्य पाहून औलोसची आठवण होणे शक्य आहे. परंतु साम्य म्हणजे वंश नव्हे. दोन नळ्या एकत्र वाजविण्याची युक्ती मानवाने अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे शोधली आहे. वस्तूंच्या बाबतीतही असा धडा आपणांस मिळाला आहेच. पश्चिम भारतात रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदलेली अनेक खापरे अलीकडच्या फेरतपासणीत मेसोपोटेमियाकडील टॉर्पेडो कुंभांची ठरली. हातात घेता येणाऱ्या खापराविषयी जेथे असा प्रमाद होऊ शकतो, तेथे हवेत विरून गेलेल्या सुराविषयी किती सावधपणे बोलले पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.

७. समारोप

तर मग हे संगीत येथे रुजले का नाही? उत्तर पुराव्याच्या अभावात शोधण्यापेक्षा त्याच्या आगमनाच्या रीतीत शोधणे योग्य होईल. तुलनेसाठी आपल्याच लोकांचे उदाहरण घेता येईल. एकोणिसाव्या शतकात कोकणातून व आसपासच्या जिल्ह्यांतून अनेक मराठी कुटुंबे गिरमिटी मजूर म्हणून मॉरिशसला गेली. त्यांची स्थितीही सुखाची नव्हती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आपल्या इतिहासग्रंथांत नाहीत. परंतु ती माणसे जथ्याने गेली. त्यांच्याबरोबर बायका, मुले, गणपती आणि गुढीपाडवा गेला. कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने गणेशोत्सवात आजही नाचली जाते. फेर धरावयास माणसे होती, म्हणून गाणे टिकले.

बारिगाझाच्या वादकांपाशी कला होती, पण फेर नव्हता. ज्या उत्सवासाठी त्यांची गाणी रचली गेली तो उत्सव येथे नव्हता, आणि ज्या मुलांस ती शिकवावयाची ती मुले येथे नव्हती. राजाच्या सभेत ते वाजवीत असतील तर ऐकणाऱ्यास ते नवल वाटत असेल, परंतु कोणीही त्यांच्या सुरात सूर मिसळला नसेल. लोकसंगीताची अदलाबदल झालीच असेल तर ती दरबारात नव्हे, पाण्यावर झाली असावी. पेरिप्लसच्या ४४ व्या परिच्छेदानुसार बारिगाझाच्या धोक्याच्या खाडीतून ग्रीक जहाजे आत आणण्यासाठी राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी 'त्राप्पग' व 'कोतुंब' नावाच्या लांब होड्या घेऊन पुढे जात आणि वल्हवीत जहाजे ओढून नेत. वल्हे मारणारा मनुष्य सहसा मुका राहत नाही. त्या दोन भाषांच्या खलाशांनी एकमेकांचे काय ऐकले, याचे टिपण व्यापाऱ्याने केले नाही, कारण त्यास बाजारात किंमत नव्हती.

तात्पर्य, पश्चिम किनाऱ्यावर ग्रीक वादक आले होते हे संभवनीय आहे. त्यांचे संगीत येथे रुजले याला पुरावा नाही. संगीत मालासारखे उतरविता येते, पण मालासारखे साठविता येत नाही. ते जगते समुदायाच्या तोंडी. विद्यार्थ्यांनी व्यापाराच्या याद्या वाचताना वस्तूंची मोजदाद अवश्य करावी. परंतु मद्य आणि रुपे यांच्यामध्ये एखादे अनेकवचन विशेष्यावाचून उभे असेल, तर तेथे थांबून ती माणसे तर नव्हेत ना, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.